बटण केव्हा दाबायचं?

एक प्रश्न विचारतो. तो पूर्ण ऐकायची गरज नाही. उत्तर सापडलं असं ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी हाताशी टेबल असेल तर त्यावर थाप मारा.

‘महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे, तर...’

इथे थांबतो. किती जणांनी थाप मारली? ‘सर्वांत उंच शिखर’ एवढं कानावर पडताच ज्यांनी हात आपटून ‘कळसूबाई’ म्हटलं, ते बाद. कळसूबाई हे उत्तर नाही, ते प्रश्नाच्याच पोटात आहे. खरा प्रश्न ‘तर’च्या पलीकडे आहे. आता तिथे काय येऊ शकतं याचा विचार करा. ‘तर दुसऱ्या क्रमांकाचं शिखर कोणतं?’ असं येईल. उत्तर साल्हेर. ‘तर सर्वांत उंच किल्ला कोणता?’ असंही येईल. उत्तर पुन्हा साल्हेरच, बागलाणातला, १५६७ मीटर उंचीचा. म्हणजे ‘तर’ ऐकल्याबरोबर साल्हेर म्हणणारा दोन वाटांवर सुखरूप आहे. पण तिसरी वाटही आहे. ‘तर भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?’ असं निघालं तर उत्तर कांचनगंगा, आणि आपले साल्हेरवाले दरीत.

थांबायचं की दाबायचं? थांबलात तर शेजारचा दाबतो. दाबलंत तर चुकण्याची भीती. ज्याला आपण प्रश्नमंजुषा किंवा सरळ क्विझ म्हणतो, त्या खेळाचा सगळा जीव या अर्ध्या सेकंदात आहे.

हे मला एका जपानी मालिकेमुळे नीट कळलं. ‘अ‍ॅनिमे’ हा शब्द आता आमच्या वाकोल्याच्या गल्लीतली पोरंसुद्धा सहज बोलतात. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. ती फक्त लहान मुलांसाठी असते आणि तिच्यात नुसती मारामारी असते, असा आपल्या पिढीचा समज आहे. माझ्या भाचीने मला मोबाइलवर जी दाखवली, तिच्यात एकही तलवार नाही. शाळेतली मुलं एका टेबलाभोवती बसतात आणि बटणं दाबतात, एवढंच. तरी बारा भाग मी पाहिले, आणि शेवटचे चार तर रात्री जागून.

मालिकेचं नाव ‘नाना मारू सान बात्सु’. नाना म्हणजे सात, मारू म्हणजे गोल, सान म्हणजे तीन आणि बात्सु म्हणजे फुली. जपानमध्ये बरोबर उत्तराची खूण गोल अशी करतात. आपल्याकडे वहीवर गोल आला की भोपळा, तिकडे गोल आला की शाबासकी! तर सात गोल आणि तीन फुल्या हा एका फेरीचा नियम आहे. जो आधी सात उत्तरं बरोबर देईल तो पुढे जातो, आणि ज्याची तीन चुकतील तो बाहेर. इकुरा सुगिमोतो यांची ही मूळची चित्रकथा २०१० ते २०२० या काळात एका मासिकातून क्रमशः येत होती. मालिका आली २०१७ साली. इंग्रजीत तिचं नाव ठेवलं आहे ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’. हे तीन शब्द आपल्याला जपान्यांनी शिकवायची गरज नाही. ते आपण अमिताभ बच्चन यांच्या तोंडून आधीच ऐकलेले आहेत.

नायक कोशियामा शिकी, शाळेत नुकताच आलेला, बुजरा, पुस्तकातला किडा. त्याला उत्तरं येतात, पण बटणाकडे हात जात नाही. त्याच्याच वर्गातली फुकामी मारी ही मुलगी क्विझवेडी. तिच्यामुळे तो शाळेच्या क्विझ मंडळात ओढला जातो आणि मग त्याला कळतं की माहिती असणं वेगळं आणि प्रश्न अर्धा असताना तो ओळखणं वेगळं. अर्धा प्रश्न ऐकून बटण दाबण्याला जपानीत खास शब्द आहे, आणि ज्या अक्षरापाशी उत्तर एकच उरतं त्या जागेलाही खास नाव आहे. आपण तिला निश्चितीची जागा म्हणू. हे खेळाडू नेहमी येणाऱ्या प्रश्नांचे साचे पाठ करतात. वाचणारा कोणत्या शब्दावर जोर देतो ते टिपतात. कारण दोन गोष्टींची तुलना करायची असेल तर माणसाचा आवाज पहिल्या गोष्टीवर किंचित चढतोच. ‘महाराष्ट्रातलं’ या शब्दावर जोर दिला असेल, तर पुढे भारतातलं काही तरी येणार. ‘शिखर’ या शब्दावर जोर दिला असेल, तर पुढे किल्ला येण्याची शक्यता जास्त. हवं तर हा प्रश्न घरी दोन प्रकारे मोठ्याने वाचून बघा.

ही कल्पनेतली गंमत नाही. जपानमध्ये १९८३ पासून दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलांची देशपातळीवरची क्विझ होत आली आहे. तिच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत हजारो मुलं मैदानात उभी करत. विधान खरं वाटलं तर एका बाजूला जायचं, खोटं वाटलं तर दुसऱ्या बाजूला. चुकीच्या बाजूचे सगळे घरी.

आता मी कविता लिहिणारा माणूस, मला या खेळात जे दिसलं ते वेगळंच. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आहे, यावर बटण दाबायची वेळ बदलते. इंग्रजीत ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ हे शब्द बहुधा वाक्याच्या तोंडाशीच येतात. पहिल्याच शब्दाला कळतं की माणूस शोधायचा की गाव. मराठीत ते मागे येतात आणि क्रियापद तर अगदी शेपटाला. जपानीतही तसंच. म्हणून जपानी किंवा मराठी प्रश्न ऐकताना बराच वेळ आपल्याला सगळा तपशील कळतो, पण नेमकं काय विचारलं आहे ते कळत नाही. ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य स्वतःच्या मनात रचावं लागतं.

आणि हे काम आपले लोक फार पूर्वीपासून करत आले आहेत. मुशायऱ्यात बसा. गझलेच्या पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींच्या शेवटी रदीफ येते आणि तिच्या आधी काफिया. तिथून पुढे श्रोत्याला साचा माहीत असतो. कवी पुढच्या शेराची पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलून परत म्हणतात, कवी दुसरी ओळ सुरू करतो आणि ती अर्ध्यावर येते न येते तोच मागच्या रांगेतून कोणी तरी काफिया बोलून मोकळा होतो. हे निश्चितीच्या जागेवर बटण दाबणंच झालं. चांगला कवी काय करतो, तर शब्द तोच येऊ देतो, पण अर्थ भलताच निघतो. मग शब्द आधी ओळखलेला माणूसच सर्वांत मोठ्याने दाद देतो.

मुंबईतल्या उर्दू शाळांत बैतबाजीच्या स्पर्धा होतात. एकाने शेर म्हणायचा, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरावरून सुरू होणारा शेर म्हणायचा. म्हणजे आपल्या भेंड्याच. पक्के खेळाडू समोरच्याला मुद्दाम कठीण अक्षर देतात. उर्दूत ‘ड़े’ नावाचं अक्षर आहे, त्याने एकही शब्द सुरू होत नाही. मराठीत तीच गत ‘ळ’ची आणि ‘ण’ची. म्हणून तर आमच्या गल्लीत भेंड्या सुरू होण्याआधी ‘ळ आला तर ल घ्यायचा’ असा तह होतो. माझ्या घरी उर्दू, शाळा मराठी. त्यामुळे दोन्हीकडचे तह मला तोंडपाठ.

तर पाठांतर आणि हजरजबाबीपणा हा जोडीने चालणारा खेळ आपल्याला नवा नाही. पण ज्याला रीतसर ‘क्विझ’ म्हणतात, ती आपल्याकडे इंग्रजीतून आली आणि बराच काळ इंग्रजीतच राहिली. १९६७ साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी एका चर्चच्या सभागृहात क्विझ घेतली. आपल्याकडच्या खुल्या क्विझची सुरुवात तिथून धरतात. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आली, आधी शहराशहरांतून प्रत्यक्ष, मग रेडिओवर. तिचा आवाज होता हमीद सयानी यांचा. १९७५ साली ते गेले आणि धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी ती पुढे चालवली. अमीन सयानी म्हणजे गीतमाला एवढंच आपल्याला आठवतं. पण मुंबईतल्या घराघरांत त्यांच्या आवाजाने देशांच्या राजधान्याही पोचवल्या आहेत. मी तेव्हा शाळेत होतो. मला त्या कार्यक्रमातले प्रश्न निम्मे कळायचे आणि टाळ्या पूर्ण कळायच्या. मग १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात आम्ही उभे राहून तो पाहायचो. महाविद्यालयातली ती मुलं फाडफाड बोलायची. हुशार म्हणजे इंग्रजी बोलणारा, हा हिशेब आमच्या डोक्यात तेव्हाच पक्का झाला.

तो हिशेब मोडला ३ जुलै २००० रोजी. ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि प्रश्न हिंदीत आले. फोन लागावा म्हणून पीसीओवर रांगा लागल्या होत्या, त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण पहिला करोडपती झाला. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. शेवटचा प्रश्न राज्यघटनेतला होता: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला घटना यांपैकी कोणाला परवानगी देते? उत्तर होतं अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. घटनेच्या ८८व्या कलमाप्रमाणे ते दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. पुढे २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ही आलं, सचिन खेडेकर प्रश्न विचारायला.

या सगळ्यात माझ्या सर्वांत आवडीचा प्रश्न २०१९चा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिना १५०० रुपयांवर. त्यांच्यापुढे एक कोटीचा प्रश्न आला, तो बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कवीचा. १८५७च्या उठावावरची ‘दास्तान-ए-गदर’ ही आठवणींची कथा कोणी लिहिली? उत्तर जहीर देहलवी. बबिताताई बरोबर निघाल्या.

हा प्रश्न कसा सोडवायचा ते जरा उलगडून सांगतो, कारण क्विझ म्हणजे नुसती घोकंपट्टी असं म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. जहीर देहलवींचं नाव कितीशा जणांनी ऐकलेलं असतं? पण उत्तर माहीत नसलं तरी इतर नावं खोडता येतात. जफरच्या दरबारातला कवी म्हटलं की आधी ओठांवर येतात ते उस्ताद जौक. पण जौक वारले १८५४ साली. उठाव पाहायला ते नव्हतेच. मीर तकी मीर तर १८१० सालीच गेलेले, तेही लखनौला. राहिले गालिब, आणि खरा सापळा इथेच आहे. गालिब १८५७ साली दिल्लीत होते आणि त्यांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं आहे, फारसीत. त्याचं नाव ‘दस्तंबू’. दास्तान आणि दस्तंबू! ज्याला अर्धवट माहिती आहे तो ‘१८५७’ आणि ‘दास्तान’ हे दोन शब्द ऐकताच बटणावर हात मारणार आणि ‘गालिब’ म्हणणार. फुली. जौकचे शागीर्द असलेले जहीर मात्र त्या धामधुमीत तरुण होते, दिल्ली सोडून पळाले, पुढे बरंच भटकले आणि १९११ साली हैदराबादला वारले. आठवणी लिहिल्या त्या म्हातारपणी. म्हणजे इथे सनावळी कामाला येते, पण सनावळी पाठ असून भागत नाही. कोण कोणाच्या आधी मेला हे डोक्यात ओळीने लागलेलं असावं लागतं. लोकलमध्ये जनरल नॉलेजच्या पातळ पुस्तिका विकायला येतात, त्यांतून सनावळ्या मिळतील, ही ओळ मिळत नाही.

आता वाकोल्याकडे येतो. सांताक्रूझ पूर्वेचा हा आमचा भाग. एका अंगाला मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल, डोक्यावर विमानांचा आवाज, मधून वाकोला नाला. मराठी, उर्दू, हिंदी, कोकणी, दक्षिणेकडच्या भाषा, सगळं एका रस्त्यावर ऐकू येतं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, आणि तो आकडा कागदावरचा वाटत असेल तर आमच्या नाक्यावर शाळा सुटायच्या वेळी उभे राहा.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका सभागृहात आंतरशालेय क्विझ होती. आयोजकांचं नाव घेत नाही. मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत होतो. बटणं, दिवे, घंटा, सगळा थाट उत्तम. प्रश्न इंग्रजीत. झाडं सूर्यप्रकाशात आपलं अन्न तयार करतात त्या क्रियेला काय म्हणतात, असा प्रश्न आला आणि मराठी माध्यमाची सातवीतली एक मुलगी सगळ्यांच्या आधी बटण दाबून मोकळी झाली. ‘प्रकाशसंश्लेषण’, ती म्हणाली. स्पष्ट, एका दमात. निवेदक हसला आणि म्हणाला, इंग्रजीत सांग. ती गप्प. पाच सेकंद मोजले गेले, घंटा वाजली, प्रश्न शेजारच्या संघाकडे गेला आणि त्यांनी ‘फोटोसिंथेसिस’ म्हणून दहा गुण घेतले. पुढच्या चार प्रश्नांना त्या मुलीने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. मी मोजत होतो.

तिचं उत्तर चुकलेलं नव्हतं. प्रकाशसंश्लेषण हा तर त्या क्रियेचा अर्थच सांगणारा शब्द आहे. प्रकाशाने जोडणं, जुळवणं. उर्दूत त्यालाच ‘जियाई तालीफ’ म्हणतात. जिया म्हणजे उजेड, आणि तालीफ म्हणजे निरनिराळी पानं जमवून ग्रंथ सिद्ध करणं. झाड उजेडातून ग्रंथ सिद्ध करतं! ज्या मुलाने हा शब्द समजून घेतला, त्याला विज्ञान कमी कळलं असं कोण म्हणेल? त्या मुलीने बटण सर्वांत आधी दाबलं, याचा अर्थ ती इंग्रजी प्रश्न ऐकून, मनात मराठी करून, उत्तर शोधूनही पहिली आली होती. मागे पडली ती फक्त परतीच्या प्रवासात. जपानी मालिकेतल्या त्या बुजऱ्या मुलाचा हात उचलत नव्हता, कारण त्याला सवय नव्हती. हिचा उचललेला हात आपण खाली बसवला.

सयानी बंधूंचा उल्लेख केला, तर त्यांच्या आईंचाही करायला हवा. कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. भाषा सोपी हिंदुस्तानी, एकच. लिपी तीन: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी येते ती त्याने वाचावी. याच मुंबईतली, १९४० नंतरची ही गोष्ट आहे. छापायला तेव्हा खिळे जुळवावे लागत, तरी त्यांनी ते केलं. आज शाळेच्या सभागृहात पडदा असतो, संगणक असतो, आणि प्रश्न एकाच भाषेत असतो.

कोणी म्हणेल, आता हातातल्या फोनमध्ये सगळी उत्तरं आहेत, मग या खेळाचं करायचं काय? फोनला पूर्ण प्रश्न द्यावा लागतो. अर्ध्या प्रश्नावरून पुढचं ताडणं, हा क्षण थांबण्याचा की धावण्याचा हे ठरवणं, आणि चुकलं तर दोन फुल्या अजून शिल्लक आहेत म्हणून पुन्हा हात पुढे करणं, ही सवय मुलांच्या अंगी दुसऱ्या कुठल्या तासाला येते ते मला तरी ठाऊक नाही.

आमच्या गल्लीत आम्ही गेली तीन वर्षं मे महिन्यात छोटी क्विझ घेतो. पहिल्या वर्षी बटणाऐवजी सायकलच्या घंट्या आणल्या आणि प्रत्येक प्रश्न तीन भाषांत वाचला. पहिल्या दहा मिनिटांत घोळ लक्षात आला. ज्याच्या भाषेत आधी वाचला जातो, त्याची घंटा आधी वाजते. मराठी आधी की उर्दू आधी यावरून मुलांपेक्षा पालकच जास्त भांडले. मग क्रम फिरता ठेवला. तरी हिंदी प्रश्न सगळ्यांनाच अर्धाअधिक कळायचा, त्यामुळे हिंदी पहिली आली की सगळ्या घंट्या एकदम.

जपानी क्विझमध्ये एक फेरी बटणाशिवायही असते. सगळे जण फळीवर उत्तर लिहितात आणि एकाच वेळी वर करतात. दुसऱ्या वर्षापासून आम्ही तीच रीत घेतली. घंट्या फक्त शेवटच्या फेरीला, बाकी पाट्या. वीस सेकंद, कोणत्याही लिपीत लिहा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पाट्या कोणीही वाचतं, उर्दू पाट्या मी तपासतो. कन्नड पाटी वाचायला नाक्यावरच्या उडुपी हॉटेलातून गल्ल्यावरच्या काकांना बोलवावं लागतं. दुपारच्या जेवणाची गर्दी असली की त्यांना यायला वेळ लागतो. तोवर सगळ्यांनी पाट्या छातीशी उलट्या धरायच्या आणि शेजाऱ्याकडे बघायचं नाही, असा नियम आहे.